लंगोट दाखवा

१९९३ चा जुलै. परळच्या एका हॉस्पिटलच्या ओपीडीत मी लहान मुलांची सर्जरी शिकणारी रेसिडेंट म्हणून बसले होते. एक बाई आत आली. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी. पिशवीतून तिने स्टीलचा डबा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातून रात्रीच्या एसटीने ती निघाली होती.

"चार डाक्टरास्नी सांगितलं बाई, पोरीची शी पांढरी हुतीया. कुणी बघितलीच न्हाई. म्हून संगं घिऊनच आले."

डब्यात घडी केलेला लंगोट होता. मी तो खिडकीशी उजेडात नेऊन उघडला. ओली शाडूची माती फासावी तसा रंग. दुसऱ्या एका लंगोटावर लघवीचा गडद पिवळा डाग होता, धुऊनही न गेलेला. पुस्तकात वाचलेली दोन्ही लक्षणं त्या डब्यात होती. मुलीचं वय विचारलं, तर आईने बोटांवर मोजून सांगितलं, एकशे बारा दिवस.

आज तीस वर्षांहून जास्त काळ मी याच आजाराची मुलं बघते आहे. ऑपरेशनं केली, प्रत्यारोपणाच्या टीममध्ये उभी राहिले, परदेशात जाऊन शिकून आले. तरी कुणी मला विचारलं की या कामात सर्वांत महत्त्वाचं काय शिकलीस, तर माझं उत्तर तो डबा आहे.

आजाराचं नाव बिलिअरी अ‍ॅट्रेशिया. यकृतात तयार होणारं पित्त बाहेर आणणाऱ्या नळ्या जन्माच्या सुमारास किंवा जन्मानंतरच्या काही आठवड्यांत सुजून, वाळून बंद होतात. आपल्या शीला जो पिवळा, तपकिरी रंग असतो तो पित्ताचा. पित्त आतड्यात उतरलंच नाही, तर शी रंग सोडते. ते पित्त यकृतातच साचतं, रक्तात मिसळतं, लघवीतून बाहेर पडतं. म्हणून शी पांढरी आणि लघवी पिवळी. निरोगी तान्ह्या बाळाच्या लघवीने लंगोट पिवळा होत नाही, हे बहुतेक आयांना माहीत असतं. फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

या आजाराची फसवणूक अशी की बाळ सुरुवातीला छान दिसतं. दूध पितं, हसतं, वजन घेतं. ती जतची मुलगीही गुटगुटीत होती. डोळे तेवढे पिवळे. जन्मलेल्या पुष्कळ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ होते आणि ती बहुधा दोन आठवड्यांत उतरते, त्यामुळे "होते कावीळ, उतरेल" हे वाक्य घरात आणि दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडात बसलेलं. या मुलीला तीन महिने सकाळचं कोवळं ऊन दाखवून झालं होतं. गळ्यात काविळीची माळ होती. पोटावर बिब्ब्याचे चार काळे ठिपके होते. शी पांढरी का, यावर सासूने सांगितलं होतं की दूध पितंय, दुधासारखीच होणार.

त्या सासूवर मला राग आला नाही, आजही येत नाही. तिला जे ठाऊक होतं ते तिने केलं. राग आला तो ऊन दाखवायला सांगून लंगोट न उघडणाऱ्या डॉक्टरांचा. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल, तर रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, दोन भागांत मोजून घ्यायचं असतं, टोटल आणि डायरेक्ट. डायरेक्ट वाढलेलं असेल तर ती उन्हाने जाणारी कावीळ नव्हे. साधी तपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये होते. चार दवाखान्यांत कुणी ती लिहून दिली नव्हती.

यावरचं ऑपरेशन ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते जपानचे सर्जन, सेंदाईचे मोरिओ कासाई. मी मुद्दाम कासाई म्हणते. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपल्याकडे काही जण 'कसाई ऑपरेशन' म्हणतात आणि समोर बसलेल्या आईचा चेहरा पांढरा पडतो. एकदा एक आजोबा नातवाला उचलून चालायला लागलेले मी पाहिले आहेत. तेव्हापासून आमच्या वॉर्डात सगळ्यांना शिकवलेलं आहे, पहिलं अक्षर लांब ओढायचं.

१९५५ साली कासाईंनी अशाच एका बाळाचं पोट उघडलं. बाहेरच्या नळ्या सापडल्या नाहीत. यकृताच्या दाराशी, जिथून नळ्या आणि रक्तवाहिन्या आत-बाहेर करतात तिथे, रक्तस्राव सुरू झाला तो थांबवायला त्यांनी लहान आतडं तिथे टेकवलं. काही दिवसांनी बाळाच्या शीला रंग आला. यकृताच्या दाराशी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटा उघड्या असतात आणि त्या वेळेत आतड्याला जोडल्या तर पित्त वाहतं, हे त्यातून कळलं. १९५९ मध्ये त्यांनी ते जपानीत प्रसिद्ध केलं. बाकी जगाला पटायला पुढे दशक गेलं.

'वेळेत' म्हणजे साधारण साठ दिवसांच्या आत. जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर होतो तशा त्या बारीक वाटाही बुजत जातात आणि यकृत कडक होतं.

एकशे बाराव्या दिवशी आलेल्या त्या मुलीचं ऑपरेशन आमच्या सरांनी केलं, कारण दुसरा पर्याय काहीच नव्हता. मी दुसरी असिस्टंट होते. यकृत हिरवट-काळं, बोटाला टणक, वर गाठी गाठी. पित्त आलं नाही. ती घरी गेली तेव्हा सरांनी आई-वडिलांना सगळं खरं सांगितलं. प्रत्यारोपण हा शब्दही उच्चारला, आणि ते आपल्या देशात होत नाही हेही.

दुसऱ्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं, वडिलांच्या अक्षरात. मुलगी दिवाळीच्या आधी गेली, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: तुम्ही लंगोट उघडून बघितला होता, म्हणून कळवतो.

ते पोस्टकार्ड मी अजून ठेवलं आहे.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत गेले. १९६३ च्या मार्चमध्ये डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं यकृत-प्रत्यारोपण केलं, ते बिलिअरी अ‍ॅट्रेशियाच्याच तीन वर्षांच्या मुलावर. तो टेबलावरच रक्तस्रावाने गेला. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, एक मूल ऑपरेशननंतर वर्षभर जगलं आणि तेव्हा कुठे हे जमू शकतं असं लोकांना वाटायला लागलं. मग सायक्लोस्पोरिन आलं, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायचं औषध. पण लहान मुलाला लहान यकृत कुठून आणायचं? तेवढ्या वयाचे मृत दाते मिळणं फारच दुर्मीळ. १९८९ मध्ये ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी आईच्या यकृताचा डावा तुकडा काढून तिच्या मुलाला बसवला आणि ते मूल जगलं. आई स्वतःच्या यकृताचा भाग देऊ शकते, तो तिचा पुन्हा भरून येतो आणि मुलाचा मुलाबरोबर वाढतो. रात्री लायब्ररीत हे वाचताना मला जतची ती बाई डोळ्यांसमोर दिसत होती. तिला विचारलं असतं, तर तिने तिथल्या तिथे हो म्हटलं असतं.

१९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधानसभांनी केलेल्या ठरावांवर तो उभा आहे, आणि सुरुवातीला लागू झालेल्या राज्यांत आपण होतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलोमध्ये कांचीपुरमहून आलेल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसवला गेला. त्यालाही बिलिअरी अ‍ॅट्रेशियाच होता. देशातलं लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत-प्रत्यारोपण ते. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. त्या ऑपरेशनची बातमी कळली तेव्हा आमच्या रेसिडेंट रूममध्ये कुणीतरी पेढे आणले होते, आपल्या घरात काही झाल्यासारखे.

मी १९९९ च्या शेवटी वर्षभरासाठी इंग्लंडला गेले. त्याच वर्षी तिथल्या सरकारने ठरवलं होतं की कासाई ऑपरेशन देशात फक्त तीनच ठिकाणी करायचं: लंडन, बर्मिंगहॅम आणि लीड्स. दुर्मीळ ऑपरेशन आहे, ज्यांचा हात त्यात रोज चालतो त्यांनीच करावं. ते पटण्यासारखं होतं. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. कावीळ झालेलं बाळ आलं की डॉक्टर येण्याआधी नर्स आईकडे पहिली गोष्ट मागायची, वापरलेला डायपर. तो उघडून, रंग बघून, कागदावर लिहून मगच बाकीचं. चार दवाखाने फिरून डबा घेऊन आलेल्या बाईने जे स्वतःच्या डोक्याने केलं होतं, ती तिथली पहिली पायरी होती.

परत आल्यावर मी दोन्ही कामं धरली, कासाई आणि प्रत्यारोपण.

कासाई ऑपरेशन कसं असतं ते सांगते, कारण त्यात जोर काही नाही, सगळा धीर आहे. टेबलावर चार किलोचं बाळ. उजव्या बरगडीखाली छेद. पित्ताशय शोधायचं, ते असतं सुकलेल्या शेंगेसारखं, कधी नुसता दोरा. त्यात बारीक सुई घालून रंगद्रव्य सोडायचं आणि एक्स-रे घ्यायचा. रंग आत यकृतात आणि खाली आतड्यात गेला नाही तर निदान पक्कं. मग डोळ्यांवर भिंग लावून त्या वाळलेल्या दोऱ्याचा माग काढत यकृताच्या दारापर्यंत जायचं. तिथे दोन शिरांच्या बेचक्यात पांढरट, चिवट गोळा असतो, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा. तो कापायचा. किती खोल, हेच सगळं कसब आहे. उथळ कापला तर वाटा उघडत नाहीत, खोल गेलात तर यकृताला जखम होऊन पुढे व्रण धरतो. कापल्यावर तिथे चटका देऊन रक्त थांबवायचं नाही, कारण त्याच चटक्याने वाटाही बंद होतील. कोमट सलाइनची पट्टी दाबून धरायची आणि थांबायचं. पट्टी उचलली की कधी त्या जागी बारीक, हिरवट-सोनेरी दव दिसतं. कधी नाही दिसत. मग लहान आतड्याचा सुमारे चाळीस सेंटिमीटरचा फाटा वर आणून त्या जागेभोवती शिवायचा.

त्यानंतर सर्जनच्या हातात काही उरत नाही. वॉर्डात सिस्टर प्रत्येक लंगोट राखून ठेवतात, तारीख आणि वेळ लिहून. तिसरा दिवस, पाचवा, आठवा. वेळेत झालेल्या साधारण निम्म्या मुलांची कावीळ उतरते. तीही बरी झाली असं मी कधी म्हणत नाही. बहुतेकांना आज ना उद्या, बालपणी नाहीतर तरुणपणी, प्रत्यारोपण लागतं. पण वर्षाच्या बाळाचं प्रत्यारोपण आणि दहा वर्षांच्या मुलाचं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कासाई ती वर्षं विकत घेतं.

२०११ च्या मार्चमध्ये बीड जिल्ह्यातली एक आजी नातू घेऊन आली. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. बाळाचा जन्म कारखान्याजवळच्या फडावर, कोपीत झाला होता. तिथली आशाताई यांना ओळखत नव्हती आणि गावच्या आशाताईच्या वहीत यांची नोंद 'बाहेरगावी' अशी. दिवसभर आई कोयता घेऊन फडात, बाळाचं सगळं आजीकडे.

"मी लंगोट धुती म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "लेकराची शी खडूवानी व्हायलीय. पयल्यांदा अशी नव्हती."

वय त्रेपन्न दिवस. मुकादमाला न विचारता ती निघून आली होती. चौथ्या दिवशी आम्ही ऑपरेशन केलं, सातव्या दिवशी शीला रंग आला. पालकाच्या भाजीसारखा. आजीने तो लंगोट शेजारच्या खाटेवरच्या बाईला नेऊन दाखवला.

पुढची पाच वर्षं ती दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिली. एकदा नातू तापाने फणफणून आला, शी पुन्हा फिकट. आतड्यातले जंतू वर चढून पित्तमार्ग सुजतो, कासाई झालेल्या मुलांना हे होतं, आणि तेव्हा घरी क्रोसिन देत बसायचं नसतं, त्याच दिवशी सलाइनमधून अँटिबायोटिक लागतं. आजीला हे एकदाच सांगावं लागलं. पण यकृत हळूहळू हरत होतं. पोट मोठं, हातपाय काड्यांसारखे. पाच वर्षांचा झाला तेव्हा चौदा किलो. मग एका रात्री रक्ताची उलटी झाली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. आता थांबणं शक्य नव्हतं.

मुलाचा रक्तगट ओ. आई ए, वडील बी. ए आणि बी आई-बापांचं मूल ओ असू शकतं, हे मला कॉरिडॉरमध्ये कागदावर काढून दाखवावं लागलं, कारण नात्यातल्या एकाने भलतंच काही बोलायला सुरुवात केली होती. दोघांचंही यकृत त्याला चालणार नव्हतं. आजी ओ होती. वय पन्नाशीच्या आत, कारण तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा कायद्यातल्या जवळच्या नातेवाइकांत आले आहेत, त्यामुळे तो मार्ग मोकळा होता.

किती काढणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पावशेर. खरोखर तेवढंच असतं, डाव्या बाजूचा तुकडा दोनशे ते तीनशे ग्रॅमचा. आणि उरलेलं पुन्हा भरून येतं, काही महिन्यांत.

ती जरा थांबली. "म्हणजे खोडवा. ऊस तोडला तरी बुडातून फुटतो."

शरीरशास्त्राच्या वर्गात मी आता हेच उदाहरण देते.

परवानगी देणाऱ्यांपुढे दात्याला एकटं बसवून, कॅमेरा लावून प्रश्न विचारतात. जबरदस्ती झाली का, पैसे घेतले का. आजीला पैशांचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "उचल मुकादमाकडून घ्यायची असती. नातवासाठी कोण उचल घेतं?"

पैसे उभे करायला चार महिने लागले. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास, धर्मादाय खाटा, आणि वेगवेगळ्या ट्रस्टना आमच्या समाजसेविकेने स्वतः लिहिलेली पत्रं. त्या चार महिन्यांत मूल आणखी खालावलं. प्रत्येक अर्जाला वेगळा फॉर्म, वेगळा दाखला, वेगळी मुदत. यकृत निकामी होत चाललेल्या मुलाच्या बापाला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला तीन खेपा घालायला लावणं हे मला तेव्हाही सहन झालं नाही, आताही होत नाही.

ऑगस्ट २०१६. सकाळी सातला दोन शेजारशेजारची थिएटर. एकात आजी, दुसऱ्यात नातू. आजीकडे मोठ्यांचे यकृत-सर्जन, नातवाकडे आम्ही. एकदा पोट उघडलेल्या मुलात आतडी यकृताला चिकटून बसलेली असतात, ती सोडवण्यातच तीन तास गेले. पाच वर्षांपूर्वी मीच शिवलेला आतड्याचा फाटा सापडला, शाबूत, आणि तोच पुन्हा वापरायचा होता. जुनं यकृत बाहेर आलं ते दगडी, गडद हिरवं.

शेजारच्या खोलीत आजीचा तुकडा बर्फातल्या भांड्यात ठेवून थंड द्रावणाने धुतला जात होता. सगळं रक्त निघून गेलेलं, रंग भिजवलेल्या वालासारखा. तो आत ठेवून पहिल्यांदा वरची शीर जोडायची, मग खालची मोठी शीर, पोर्टल. क्लॅम्प काढला की तो फिकट तुकडा कडेपासून गुलाबी व्हायला लागतो आणि मिनिटभरात सगळा रंगतो. त्या क्षणी थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. माझ्या आयुष्यात तो क्षण पुष्कळदा आला आहे आणि एकदाही सवयीचा झालेला नाही.

त्यानंतर सगळ्यांत नाजूक काम, धमनी. दोन-तीन मिलिमीटरची. केसाहून बारीक दोरा, मायक्रोस्कोपखाली. सगळं नीट होऊनही तिथे गुठळी धरली, तर नवं यकृत हातचं जातं. म्हणून पुढचा आठवडाभर दिवसातून अनेकदा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावून तो ढप् ढप् आवाज ऐकायचा. शेवटी पित्तमार्ग आतड्याच्या त्या जुन्या फाट्याला जोडायचा. कापलेल्या टोकातून मधाच्या रंगाचा थेंब आला. रात्रीचे नऊ वाजले होते.

सगळ्यांचं असं होत नाही. २००८ मध्ये अकरा महिन्यांच्या एका बाळाची धमनी दुसऱ्या दिवशी बंद झाली. आम्ही पुन्हा उघडलं, गुठळी काढली, पुन्हा जोडली. पुन्हा बंद झाली. दुसरा दाता नव्हता. नवव्या दिवशी ते गेलं. त्याची आई, जिने यकृत दिलं होतं, तिचे टाकेही काढायचे होते. ती वॉर्डात कण्हत, पोट धरून माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, "माझंच काही कमी पडलं का?" तिच्या यकृतात काही कमी नव्हतं. मी तिला ते सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. तिचं बाळ आमच्याकडे पहिल्यांदा आलं तेव्हा चार महिने उलटून गेले होते. कासाईची वेळ टळलेली. एवढ्या लहान वयात प्रत्यारोपणाच्या टेबलावर यावं लागलं, ते त्यामुळे.

प्रत्यारोपण झालं की डिस्चार्जच्या दिवशी हार, फोटो, पेपरात बातमी. पंचेचाळिसाव्या दिवशी वेळेत झालेल्या कासाईचा फोटो कुणी काढत नाही. तो काढायला हवा.

घरी गेल्यावरचं काम आयुष्यभराचं. टॅक्रोलिमस दर बारा तासांनी, रोज त्याच वेळी, रक्तातली पातळी मोजत राहायची. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती थोडी दाबून ठेवणारं हे औषध, १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूत सापडलेलं. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर, कांजण्या वगैरे, आधीच उरकून घ्यायच्या, कारण नंतर सहसा देत नाहीत. आणि कोकणातल्या पालकांना मी आठवणीने सांगते, गणपतीतलं पपनस या मुलांना द्यायचं नाही, त्याने औषधाची पातळी रक्तात वाढते. बीडच्या आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं. तिने रात्रीच्या गोळीची वेळ स्वतः ठरवली, आठची मालिका सुरू झाली की. सकाळची गोळी शेजारच्या मास्तरांचा मोबाइल वाजला की. पहिल्या वर्षभरात एकही गोळी चुकली नाही. मुलगा आता दहावीला आहे. गोळ्या तो स्वतः घेतो आणि आजी तरीही विचारते.

एक गोष्ट मला इथे आवर्जून सांगायची आहे. पित्त आतड्यात उतरत नसेल, तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठत नाही. काही बाळं आमच्याकडे कावीळ म्हणून येतच नाहीत, झटके येतात म्हणून येतात. डोक्यात रक्तस्राव झालेला असतो, आणि मागे चौकशी केली की सहा आठवड्यांची पांढरी शी निघते. जन्मल्यावर मांडीत दिलं जाणारं व्हिटॅमिन के चं इंजेक्शन म्हणून चुकवू नका. आणि कावीळ रेंगाळलेल्या बाळाला कुठेही पाठवण्याआधी ते पुन्हा द्यावं, हे प्रत्येक तरुण डॉक्टरला मी सांगते.

तैवानने २००४ पासून देशभर बाळाच्या आरोग्य-पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड घातलं. आई घरी रंग जुळवून बघते आणि फिकट वाटला तर फोन करते. साठ दिवसांच्या आत कासाई होणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे चांगलंच वाढलं. जपानने २०१२ मध्ये तेच केलं. आपल्याकडे तर घरी जाणारं माणूस आधीच आहे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते. घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि मग देशाने घेतली. चौदा ते बेचाळीस, नेमके आपल्याला हवे ते दिवस. त्या भेटीत एकच वाक्य वाढवायचं आहे: लंगोट दाखवा.

मी गेली बारा वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करते. पहिल्यांदा कार्डं छापली. स्वस्तातल्या छपाईत रंग बदलले, फिकट पिवळा हिरवा दिसायला लागला, ती सगळी फेकून द्यावी लागली. मग प्रशिक्षणात आशाताईंनीच सुचवलं, रंगांना घरातली नावं द्या. हळद, मोहरी, पालक, शेवग्याचा पाला: ठीक. खडू, राख, शाडू, ज्वारीचं पीठ: त्याच दिवशी फोन. बाळंतिणीच्या खोलीत बघायचं नाही, तिथला बल्ब सगळ्यालाच पिवळं करतो. लंगोट दारात, उन्हाच्या उजेडात आणायचा. फोटो पाठवायचा तर शेजारी पांढरा कागद ठेवून. इतरांच्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो असतात तसे माझ्याकडे लंगोटांचे आहेत, शेकड्यांनी. बहुतेक हळदीचे निघतात. मी प्रत्येकाला उत्तर देते, कारण आज हळदीच्या फोटोला उत्तर मिळालं नाही, तर उद्या खडूचा फोटो येणार नाही.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी सोलापूर जिल्ह्यातून एक आला. दारातली फरशी, पांढरा कागद, लंगोट. खाली लिहिलं होतं, "मॅडम, शाडू. दिवस २८." मी त्या आशाताईला लगेच फोन लावला, के चं इंजेक्शन आजच द्यायला सांगितलं आणि रात्रीच्या गाडीने निघा म्हटलं. डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं, सहा. सोनोग्राफीत पित्ताशय नीट दिसेना. शुक्रवारी, बत्तिसाव्या दिवशी, ऑपरेशन झालं. पट्टी उचलल्यावर दव दिसलं असं मला वाटलं, माझ्या ज्युनिअरलाही वाटलं.

आज तिसरा दिवस. सकाळचा लंगोट फिकटच होता. सिस्टरने तारीख-वेळ लिहून राखून ठेवला आहे. संध्याकाळी सहाचा बघायला मी आता वॉर्डात चालले आहे.